समोरच्या बाकाचे अप्पा सर

आमच्या लातूरच्या गल्लीत कपडे वाळत घालायची दोरी एकच, आणि ती बांधली अप्पा सरांनी. व्हॉलीबॉलच्या नेटच्या उंचीला! ओला टॉवेल टाकायचा तर आम्हा बायकांना स्टूल लागतं. भांडायला गेले तर म्हणतात कसे, "अक्का, बायांच्याच नेटची उंची ठेवलीय. पुरुषांची लावली असती मंग? मारा उडी!" आता माझं वय उडी मारायचं आहे का, तुम्हीच सांगा.

नाव सिद्रामप्पा, पण अख्खी गल्ली अप्पा सरच म्हणते. तरुणपणी जिल्ह्याकडून खेळले, मग शाळेतल्या पोरींचे कोच झाले. आता जिल्ह्याच्या मुलींच्या टीमचे कोच तेच अन् मॅनेजरही तेच. स्वतःच सांगतात, "खेळलो तवा टाळ्या खाल्ल्या, कोच झालो तवा शिव्या खाल्ल्या. मॅनेजर झाल्यापासून निस्ती केळी वाटून राहिलो."

माझ्या पुतणीच्या लग्नात वाढप्यांवर लक्ष ठेवायला यांना सांगितलं, ही चूक आमचीच. खेळात सर्व्हिस मिळाली की खेळाडू एकेक जागा सरकतात ना, तसे यांनी वाढपी सरकवले. शिट्टी वाजली की भाजीवाला वरणाकडं, वरणवाला भाताकडं. व्याह्यांच्या पानात तीनदा मठ्ठा आला, पुरी एकदाही नाही. व्याही फुगले. सर म्हणाले, "दम धरा पाव्हणं, पुरी रोटेशनमधी हाय!"

मुलींच्या टीमबरोबर एखादी बाई लागतेच. गेल्या वर्षी नेहमीच्या बाईंचा पाय मुरगळला, तर सरांनी मलाच गाडीत बसवलं. "काम काय न्हाई अक्का. पोरींनी उघड्यावरची पाणीपुरी खाऊ ने, एवढं बघायचं." पोरींना मी अडवलं. मला कोण अडवणार?

फायनल नांदेडला, नांदेडच्याच मुलींशी. आणि त्यांच्या बाकावर कोच म्हणून कोण? सरांची पोरगी, महानंदा! तिची आई लवकर गेली. सरांनीच तिला वाढवलं, सरांनीच खेळवलं. तिनं नांदेडच्या कॉलेजात नोकरी धरली, तसे हे भडकले. "आमच्याच इरुद्ध टीम उभी करणार? मंग मला फोन करू नको." पोरगी बापावरच गेलेली. वर्षभर तिनं केला नाही, यांनीही केला नाही. बाप तोंडानं काही बोलायचा नाही, पण गाडीत नांदेडच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता.

शेवटचा सेट चालू होता. आम्ही पुढं होतो, म्हणून महानंदानं टाइम-आउट घेतला. आमच्या पोरी सरांभोवती गोळा झाल्या. सर मात्र त्यांच्या डोक्यांवरून पलीकडं बघत होते. आणि एकदम ओरडले, "नंदे! तुझी चार नंबर ब्लॉकला उशिरा उडून राहिली, दिसंना का तुला?"

आमची कॅप्टन रडकुंडीला आली. "सर, आपण लातूर!"

"हाव, हाव, माहिताय मला!"

चार नंबर वेळेवर उडायला लागली, आमचे फटके नेटवरच अडायला लागले. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर दोन्ही कोच हात मिळवतात. सर मात्र पाण्याचे कॅन मोजायला निघून गेले. जेवताना पोरी त्यांच्याशी बोलेनात. निघायची वेळ झाली, आम्ही गाडीत बसलो, तरी हे गाडीभोवती फिरत टायर लाथाडत होते. ड्रायव्हर वैतागला, "सर, टायरं सकाळचीच हायत, बदलली न्हाईत."

तेवढ्यात महानंदा आली. गळ्यात शिट्टी तशीच. बापासमोर उभी राहिली. शेवटी तीच म्हणाली,

"अप्पा, जेवलाव का?"

मी माझ्या हातानं त्यांना चार पोळ्या वाढल्या होत्या. भाजी दोनदा मागून घेतली होती.

"न्हाई," सर म्हणाले. "सकाळधरनं पोटात काई न्हाई."

"चला मंग घरी."

ती पुढं, सर मागं. कॅप्टनची जीभ वळवळली, "काकू, सरांनी तर आत्ताच..."

मी तिला चिमटा काढला. "उतर गं खाली. गाडी काय इतक्यात हलत नाही."