डोमाभाऊंचा जर्मन शब्द

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले आणि साठीत स्वतः लेखणी उचलली, या धार्ष्ट्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु डोमाभाऊंविषयी मी लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ही गोष्ट. आलापल्लीच्या लाकूड डेपोत भाऊ मोजणीदार होते. सागाचा प्रत्येक लठ्ठा कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ठोकायचा, कान लावायचा आणि तो आतून भरीव की पोकळ ते सांगायचे, हे त्यांचे काम. पंचाईत एवढीच, की ते माणसांनाही ठोकत. पाठीवर, दोन बोटांनी. जो पास होई त्याला म्हणत, "केर्नगेझुंट!"

डेपो पाहायला आलेल्या एका जर्मन वनतज्ज्ञाने लठ्ठा ठोकून हा शब्द उच्चारला होता. मी नागपुरास वर्षभर जर्मन शिकलो होतो, हे भाऊंना कळले आणि दर रविवारी माझ्या ओसरीवर वर्ग भरू लागला.

"गुरुजी, शब्द फोडून सांगा."

"केर्न म्हणजे गाभा, गेझुंट म्हणजे निरोगी. गाभ्यापर्यंत निरोगी, असा तो जोडशब्द."

"फळाचा गाभा का झाडाचा?"

"केर्न दोहोंनाही म्हणतात. हा शब्द कशावरून आला, ते मला ठाऊक नाही."

"मले ठाऊक हाय. झाडावरूनच! फळाले कोन ठोकते?"

"टरबूज तुम्हीच ठोकता, भाऊ."

त्या रविवारी ते चहा न घेता गेले.

पत्नीमागे त्यांनी एकट्याने वाढवलेली मुलगी म्हणजे सुमन. तिला पाहायला चामोर्शीहून पाहुणे आले, तेव्हा भाऊ थेट मुलाच्या पाठीमागे जाऊन बसले. टक्, टक्.

मुलाचा मामा उसळला, "काऊन हो, आमचं पोरगं सागाचा लठ्ठा हाय का?"

"लठ्ठा पोकळ निंगाला त जाळता येते, पाहुणे. जावई नाई जाळता येत."

मुलगा हसला आणि आणखी वाकला. "बराबर ऐका, मामाजी." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात; लग्न तिथेच ठरले.

पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, भाऊ आले आणि माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसले.

"गुरुजी, साऱ्या गावाले ठोकून झालं. मले कोनी ठोकलंच नाई. पाहा बरं."

मी संकोचाने दोन बोटे वाजवली. सदऱ्याखाली नुसत्या बरगड्या लागल्या. मी तो शब्द उच्चारणार, तोच ते म्हणाले,

"गेझुंट राहू द्या. केर्न हाय का नाई, तेवढंच सांगा. सुमन त गेली."

मला लाकडाचा कान नाही. मी पुन्हा ठोकले, पुन्हा ऐकले. भाऊ मान न वळवता वाट पाहत राहिले.

वाचकहो, तुम्ही काय सांगितले असते?