सम-विषम अण्णा

माझ्या बहिणीच्या लग्नात निकम अण्णांनी एकही अक्षता टाकली नाही. आत मंगलाष्टकं चालू होती, तेव्हा ते लॉन्सबाहेर गाड्यांच्या रांगांमधून हात मागे बांधून फिरत होते. जेवणं उरकत आली तेव्हा आत आले, माझ्या वडिलांचा हात हातात घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सगळं छान आहे हो, पण यातून बाहेर पडणं अवघड आहे." वडिलांना दरदरून घाम फुटला. जावयाविषयी काही कळलं की काय! अण्णा बोलत होते लॉन्सच्या एकुलत्या एक गेटाबद्दल.

पंचवटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहतात. बायको वारली, मूलबाळ नाही. हयात एका कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेली. रिटायर झाले तरी रस्ता काही डोक्यातून उतरला नाही. स्वतःकडे मात्र गाडी नाही. सायकलसुद्धा येत नाही. हे कुणी तोंडावर बोललं की म्हणतात, "बाळंतपण करायला डॉक्टर गरोदर असावा लागतो का?"

माणसाची पारख ते गाडी लावण्यावरून करतात. तिरकी लावणारा घरात कुणाचं ऐकत नाही म्हणे. दुसऱ्याच्या गाडीला चिकटवून लावणाऱ्याला उसनं काही देऊ नये. मी भिंतीला घासून लावतो, म्हणून मी भित्रा. हे त्यांनी माझ्या बायकोसमोर सांगितलं, आणि तिने जोरात मान डोलावली.

एमएच पंधरा या आमच्या गावच्या नंबराची सोडून दुसरी गाडी गल्लीत शिरली की अण्णांच्या अंगात येतं. दर्शनाला आलेल्या एका कुटुंबाला थेट देवळाच्या पायरीपर्यंत गाडी न्यायची होती. अण्णा बॉनेटवर हात टेकून उभे. "प्रभू रामचंद्र अयोध्येहून इथे पायी आले. तुम्हाला शेवटची शंभर पावलं जड झाली?" ड्रायव्हरने निमूटपणे गाडी मागे घेतली. आजी खाली उतरल्या आणि अण्णांच्याच पाया पडल्या.

पण अण्णांचं खरं साम्राज्य म्हणजे सम-विषम. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मधून म्हैससुद्धा जात नाही. म्हणून अण्णांनी ठरवून टाकलं, सम तारखेला गाड्या मारुतीच्या देवळाच्या बाजूला, विषम तारखेला समोरच्या पिठाच्या गिरणीच्या बाजूला. रोज सकाळी सातला घरोघरी बेल. "आज सम! गाडी पलीकडे!" मग कुणी बर्मुड्यात, कुणी तोंडात ब्रश धरून, सगळे अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खाली. अण्णा त्या शिव्या तीर्थासारख्या ओंजळीत घेत. वर चौकशीही चालू. "सर, खोकला कमी नाही झाला का? गिअर टाकताना खोकू नका."

एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम. म्हणजे त्या सकाळी गाडी हलवायचीच नसते. त्या दिवशीही सातला बेल वाजते. डोळे चोळत दार उघडावं, तर अण्णा म्हणणार, "आज हलवायची नाही. झोपा निवांत!"

या वर्षी गल्लीच्या टोकाला, मंडईमागच्या मोकळ्या प्लॉटवर पे अँड पार्क सुरू झालं. महिन्याचा पास काढला की गाडी तिथे, गल्ली मोकळी. आम्ही गच्चीवर मीटिंग बोलावली. वाटलं, अण्णा पेढे वाटतील. जन्मभर हेच तर मागत होते!

अण्णा उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला. प्लॉटचा उतार चुकला आहे. पावसात चिखल होईल. वॉचमन घोरतो. शेवटी तर वरच्या झाडावर कावळे फार, असंही निघालं.

शेजारचा सुनील रिक्षावाला वैतागला. "अण्णा, तुम्हीच बोंबलायचे ना, गल्ली मोकळी पायजे म्हणून? आता होऊन राहिली, तर तुम्हीच आडवे? लय झालं आता!"

हात वर झाले. अण्णांच्या बाजूने एकही नाही, माझाही नाही. अण्णा जिना उतरून गेले. सुनील म्हणाला, "सत्ता गेली ना, म्हणून." आम्ही सगळे पोट धरून हसलो.

पास झाले, गाड्या प्लॉटवर गेल्या. पहिल्या सकाळी गल्ली एवढी रुंद दिसली की आपण दुसऱ्याच कुणाच्या गावात उठलो की काय असं वाटलं. बरोबर सातला माझी बेल वाजली.

"आज सम आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, गाडी प्लॉटवर आहे."

"माहीत आहे."

तरी ते हलेनात. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी जरा चिडूनच विचारलं, "मग बेल कशाला वाजवली?"

"नेहमीसारखा तयार होऊन बसलो होतो," ते म्हणाले. "ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. सकाळी तुम्ही सगळे खाली यायचे, मला शिव्या द्यायचे, तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. आता खाली कुणी येणारच नाही. मी काय करू, सांगा."

रोज सकाळी ज्यांच्या नावाने आम्ही खडे फोडत होतो, ते त्याच सकाळची रात्रभर वाट बघत होते. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

आतून बायको ओरडली, "कोण, अण्णा का? दारात काय उभे राहिलात, तिथे नो पार्किंग आहे. आत या!"

अण्णा आत आले. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. चहाचा कप दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "उद्याही येऊ का?"