वळणावरची ड्यूटी

"यंदाचा कप आपल्या घरी आला नाही, तर मी मिश्या उतरवीन!"

रंगवाल्याने भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं. मूठ पडली ती नेमकी उघड्या डब्याच्या झाकणावर. गिऱ्हाइकाच्या शर्टावर फिकट पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडाले. मिश्या तर रंगवाल्याला नव्हत्याच, पण रागाच्या भरात माणूस आपल्याकडे नसलेल्या वस्तूचीही पैज लावतो.

राग त्याच्या नाकावर कायम मुक्कामाला. लोक उशीचा अभ्रा घेऊन यायचे आणि "भिंतीला अगदी हाच रंग द्या" म्हणायचे, की हा चिडला. रंग बनवून दिला की "जरा गडद झाला का हो?" म्हणायचे, की हा आणखी चिडला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "रोज सकाळी पळत जा, डोकं शांत होईल." म्हणून तो पळणाऱ्यांच्या क्लबात गेला. डोकं शांत झालं नाही ते नाहीच, पाय मात्र भलतेच तेज झाले. कारण उघड आहे. हा पळायचाच मुळी चिडून!

आणि चिडायला कारण काय, तर चष्मेवाला.

चष्मेवाला म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोही त्याच क्लबात. हा गृहस्थ कधी आवाज चढवत नाही, कधी धापा टाकत नाही, घामसुद्धा त्याला इस्त्री करून आल्यासारखा येतो. क्लबाची दर महिन्याला एक शर्यत. जो जितका पुढे, त्याला तितके गुण. आणि मोसम संपला की ज्याचे गुण जास्त, त्याचा कप. गेल्या मोसमात चष्मेवाल्याने रंगवाल्याला शेवटच्या शर्यतीत छातीभर अंतराने मागे टाकलं आणि कप नेला. नेला तर नेला, घरी ठेवावा की नाही? नाही! दुकानाच्या दर्शनी काचेत, चष्म्यांच्या मधोमध, वर दिवा लावून ठेवला. रंगवाल्याचं दुकान बरोब्बर समोर! सकाळी शटर वर केलं की कप, दुपारी डबा उघडला की कप, रात्री कुलूप लावताना मागे वळून बघितलं की दिव्याखाली कप. तुम्हीच सांगा, माणसाने चिडू नये तर काय करावं?

वर पुन्हा सल्ले. घरी जेवायला आला की भात कालवता कालवता म्हणायचा, "साडूभाऊ, तुम्ही पळताना दात-ओठ खाता. तीच ताकद पायांत आणा की!"

"माझे दात, माझे ओठ! तुम्ही भात खा!"

"बघा, चिडलात."

यंदा मात्र रंगवाल्याने जीव तोडून पळायचं ठरवलं आणि पळाला. मोसम संपत आला तेव्हा तो पहिला होता. आता शेवटच्या शर्यतीत चष्मेवाला पहिला आला तरच कप त्याला मिळणार होता. दुसरा आला तरी कप रंगवाल्याचा! सगळं कसं झकास चाललं होतं. पण क्लबाचा एक नियम होता आणि तो नियम रंगवाला मोसमभर चुकवत आला होता.

नियम असा, की प्रत्येकाने मोसमात एका शर्यतीला पळायचं नाही, ड्यूटी करायची. कुणी पाणी द्यायचं, कुणी वळणावर उभं राहून रस्ता दाखवायचा. यातून सुटका कुणालाच नाही. रंगवाल्याने एकदा पाठ धरली म्हणून सांगितलं, एकदा माल यायचा आहे म्हणून सांगितलं, एकदा तर चुलत सासऱ्यांना आजारी पाडलं. (ते बिचारे ठणठणीत होते. चष्मेवाल्याचेही ते चुलत सासरेच, त्यामुळे थाप तिथल्या तिथे उघडी पडली.) शेवटी क्लबाच्या अध्यक्ष, दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांनी फर्मान काढलं.

"शेवटच्या शर्यतीला टाकीजवळच्या वळणावर तुम्ही."

"पण डॉक्टरीणबाई, नेमकी शेवटची—"

"तोंड बंद करा."

दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या बाईने तोंड बंद करायला सांगितलं की माणूस गपगुमान बंद करतो. वर त्यांनी बजावलं, "वळणावर बोलायचं नाही. दमलेल्या माणसाला शब्द ऐकू येत नाहीत. फक्त हात करायचा. पळणारा हात बघतो आणि वळतो, विचारत बसत नाही."

झालं! रविवारी भल्या सकाळी रंगवाला भगवं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून टाकीजवळ हजर. तिथे रस्ता फुटतो. उजवा तळ्याच्या काठाने मैदानाकडे जातो, तो शर्यतीचा. डावा नव्या वसाहतीकडे. रस्त्यावर चुन्याने उजवीकडे जाणारा ठळक बाण काढलेला. लहान पोरालाही कळेल असं काम! त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे. बँकेतला कॅशियर यंदा जोरात होता. तो चष्मेवाल्याच्या पुढे दिसला की गंगेत घोडं न्हालं.

एवढ्यात एक टेम्पो आला आणि त्या बाणावर उभा राहिला. बाणाच्या शेजारी नाही, पलीकडे नाही, अगदी बाणावर! मागे दोरीने बांधलेला फ्रीज.

"ए! टेम्पो काढ! शर्यत आहे!"

"दोनच मिनिटं, साहेब. पत्ता शोधतोय," टेम्पोवाला फोनमध्ये डोकं घालून म्हणाला.

"पत्ता पुढे जाऊन शोध! खाली बाण आहे!"

"कुठाय बाण?"

"तुझ्या चाकाखाली!"

टेम्पोवाल्याने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. "मला नाही दिसत."

आता ह्याला काय म्हणावं! रंगवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं होतं की आज वळणावर चकार शब्द बोलायचा नाही, पण ठरवणारा रंगवाला आणि चिडणारा रंगवाला यांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

"चष्मा लाव, म्हणजे दिसेल! नाहीतर नको लावूस, तो आमच्या साडूकडूनच घेशील! हल तिथून! तिकडे लाव! तिकडे!"

असं म्हणून त्याने डावीकडे हात केला. हात कसला, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत ताणलेला दांडाच! आणि वर शिट्टी फुंकली.

त्याच क्षणी त्याच्या पाठीमागून चष्मेवाला आला.

चष्मेवाल्याने काय पाहिलं? समोर टेम्पो. बाण गायब. भगवं जाकीट. शिट्टी. आणि डावीकडे ताणलेला हात. तो शिस्तीचा माणूस, वळला डावीकडे. मागे कॅशियर होता, तोही वळला. त्यांच्या मागे सगळा क्लब, एकापाठोपाठ एक, मेंढरांसारखा डावीकडे!

रंगवाल्याला पाठीमागे पावलं वाजलेली ऐकू आली, नाही असं नाही. पण त्या वेळी टेम्पोवाला "ओरडायचं काम नाही हं!" म्हणाला होता. आता असं म्हटल्यावर कोण मागे वळून बघेल?

"ओरडायचं काम नाही? मी ओरडतोय? याला ओरडणं म्हणतात? ओरडून दाखवू का?"

आणि त्याने ओरडून दाखवलं. हात होता तिथेच.

सगळे गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याची बायको आली, तेव्हाही टेम्पो तिथेच होता आणि हातही तसाच. ती क्लबात आली होती नवऱ्याच्या रक्तदाबावर लक्ष ठेवायला, आणि प्रत्येक शर्यतीत शेवटून पहिली यायची. ती जवळून जाता जाता म्हणाली, "अहो, गोळी घेतलीत ना?" आणि तळ्याच्या रस्त्याला लागली.

टेम्पो गेला. रंगवाल्याने घाम पुसला. ड्यूटी संपली! आता कप कुणाचा तेवढंच कळायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, पळणारे कुठे आहेत?" डॉक्टरीणबाई मैदानातून विचारत होत्या. "एकही माणूस आला नाही अजून! नाही, थांबा, आलं कुणीतरी. तुमची बायको!"

"पहिली?" रंगवाल्याला आधी आनंदच झाला. मग त्याने टाकीकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. आणि त्याने मैदानाकडे धूम ठोकली.

डाव्या रस्त्याला पुढे नवीन डांबर घालणं चाललं होतं. ओलं, गरम, काळंकुट्ट. पळणारी माणसं जोरात असतात, ती अशी कडेला थांबत नाहीत. कॅशियर दोन पावलं आत गेला आणि त्याचा बूट तिथेच राहिला. चष्मेवाल्याचे नवेकोरे पांढरेशुभ्र बूट घोट्यापर्यंत काळे. रोलरवाला शिव्या देत मागे धावला, तेव्हा म्हणे सगळ्यांचा वेग मोसमात सगळ्यात चांगला होता!

रंगवाला मैदानात पोचला तेव्हा क्लब त्याची वाटच बघत होता. प्रत्येक जण पाऊल उचलताना चप्-चप् वाजत होता. कप टेबलावर चमकत होता.

"मुद्दाम केलंस!" कॅशियर एका पायावर उभा राहून ओरडला. "कपासाठी सगळ्यांना खड्ड्यात घातलंस!"

"मी? मी मुद्दाम? अरे, तू त्याला हरवावंस म्हणून मी तिथे देव पाण्यात घालून उभा होतो!"

"आणि नेमकी तुझीच बायको बरोबर रस्त्याने आली? हा योगायोग काय?"

रंगवाल्याचा चेहरा पडला. आजवर लोक त्याला तापट म्हणाले होते, भांडखोर म्हणाले होते, एकाने तर माथेफिरू म्हटलं होतं. लबाड कुणी म्हटलं नव्हतं. ते त्याच्या फार वर्मी लागलं. मोसमात पहिल्यांदाच त्याला ओरडता येईना.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर थाप मारली. "गप्प बसा सगळे! हे बघा, मुद्दाम केलं असेल तर यांचे मोसमाचे सगळे गुण रद्द, कप चष्मेवाल्यांचा. चूक झाली असेल तर शर्यतीचा निकाल आहे तसा, कप यांचा. वहिनी, तुम्ही सांगा. यांनी तुम्हाला आधी काही सांगितलं होतं?"

"छे हो!"

"मग हात डावीकडे असताना तुम्ही उजवीकडे कशा गेलात?"

बायको गोंधळली. पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली. "आता खरं सांगायचं तर... हे हातवारे करायला लागले की मी बघतच नाही. घरी दिवसातून चारदा करतात. बघत बसले तर स्वयंपाक कधी करू? मला रस्ता ठाऊक होता, मी गेले."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि कट म्हणाल," बायको आता रंगात आली होती, "तर कटाला डोकं थंड लागतं. ह्यांना साधं माझ्या वाढदिवसाचं गुपित ठेवता येत नाही. दुकानदाराशी भांडतात आणि ते भांडण घरी येऊन मलाच सांगतात!"

सगळा क्लब खो-खो हसायला लागला. डांबरातले बूटसुद्धा विसरले लोक. "खरंय!", "पटलं!", "ह्याच्याच्याने नाही व्हायचं!" असे आवाज उठले. कॅशियरनेसुद्धा मान डोलावली. रंगवाल्याची अब्रू वाचली, पण ज्या पद्धतीने वाचली ते बघून त्याचे कान लाल झाले.

"निकाल लागला," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मुद्दाम नाही, मूर्खपणा. शर्यत वहिनींनी जिंकली. कप यांचा."

आणि कप हातात आला! जड, थंड, दोन कानांचा. हातातोंडाशी घास आला म्हणतात तसा. बायकोने पटकन पिशवी पुढे केली, त्याने तो पिशवीत घातला. स्कूटर समोर होती. पंधरा-वीस पावलं, बस्स!

तेवढ्यात चष्मेवाला चप्-चप् करत आला. चेहऱ्यावर तेच इस्त्रीचं हसू.

"अभिनंदन, साडूभाऊ! जागेवरून न हलता कप! आमच्या सासुरवाडीत असा पराक्रम पहिलाच. मला वाईट नाही वाटलं हं. तुम्हाला त्याची जास्त गरज होती."

"गरज?" रंगवाला थांबला.

"अहो, चला," बायको म्हणाली.

"म्हणजे मनाला जरा बरं वाटतं ना, म्हणून म्हटलं. दयेचा का होईना, कप तो कप."

"दयेचा!"

"अहो, ऐका ना—"

"तू मध्ये बोलू नकोस!" रंगवाल्याने पिशवीत हात घातला, कप बाहेर ओढला आणि चष्मेवाल्याच्या छातीवर आदळला. "दयेचा कप मला नको! धरा! न्या! लावा तुमच्या काचेत! दोन दिवे लावा!"

"नक्की ना?" चष्मेवाल्याने विचारलं. कप तोवर त्याच्या बगलेत गेला होता. "डॉक्टरीणबाई, ऐकलंत ना?"

"नक्की म्हणजे नक्की! मी एकदा बोललो की बोललो! पुन्हा विचारायचं नाही!"

कुणी पुन्हा विचारलं नाही. चष्मेवाला गाडीत बसला, शेजारच्या सीटवर कप ठेवला, त्याला पट्टासुद्धा बांधला आणि हात हलवून निघून गेला. मैदान रिकामं झालं. रंगवाला रिकामी पिशवी धरून उभा राहिला, आणि हळूहळू त्याचं डोकं थंड व्हायला लागलं. ते नेहमीच होतं, फक्त वेळेवर होत नाही.

"तू मला अडवलं का नाहीस?" तो बारीक आवाजात म्हणाला.

"अडवत होते की," बायको स्कूटरवर बसत म्हणाली. "एवढंच सांगणार होते, की आधी घरी जाऊ या, मग चिडा."