रद्द न झालेला नियम

शुक्रवारी दुपारी साडेतीनला लव्हॉनने नियमाची दोन पानांची शेवटची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा हार्लन ओडेगार्ड खिडकीतून दक्षिणेकडे निघालेले रानहंस मोजत होते.

"आधी सही कर, मग मोज," लव्हॉन म्हणाली. वीस वर्षं ती त्यांची पत्रं टाइप करत होती.

ओडेगार्ड राज्याच्या औषध-कचेरीतले अधिकारी. गेली चार वर्षं त्यांनी या एकाच नियमात घालवली होती. सोमवारपासून डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी एका खास कागदावरच लिहायची. कागद फिकट निळा. त्यावर खाडाखोड केली की डाग उठे. उजेडात धरला की आतून एक पक्षी, धुक्यातून यावा तसा, हळूच वर येई. आणि यंत्रात घालून नक्कल काढली, तर मूळ कागदावर डोळ्यांना न दिसणारा 'रद्द' हा शब्द नकलेवर जागोजागी उमटे. चार वर्षांपूर्वी कुणीतरी दहा गोळ्यांच्या चिठ्ठीवर एक शून्य वाढवलं होतं, आणि त्या गोळ्या घेऊन झोपलेली बाई पुन्हा उठली नव्हती. तेव्हापासून ओडेगार्ड या कागदाच्या मागे होते.

"आज नियम किती सुरेख दिसतोय," सही करताना ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे वळले. लव्हॉनने दोन्ही पानं फॅक्सला लावली. राज्यातल्या दोनशे बारा औषधांच्या दुकानांत ती एकामागून एक पोचू लागली.

अर्ध्या तासात फोन वाजला. पार सीमेवरच्या गावातले दुकानदार एर्लिंग स्कारे बोलत होते.

"ओडेगार्डसाहेब, नियम रद्द झाला म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. दोन्ही पानांवर लिहिलंय. तिरपं, चाळीसेक वेळा."

ओडेगार्डांनी समोरची प्रत पाहिली. ती स्वच्छ होती.

"स्कारे, तुम्ही चष्मा लावलाय ना?"

"मी लावलाय. तुम्ही?"

मग फोन थांबेचनात. नियमाला वैतागलेले डॉक्टर अभिनंदन करू लागले. निळा कागद छापणाऱ्याने यंत्र बंद करून कामगारांना घरी पाठवलं. साडेचारला स्थानिक रेडिओने गव्हाच्या भावानंतर बातमी दिली की तो कागदाचा नियम बारगळला. ओडेगार्डांना आपण दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात बसलो आहोत असं वाटू लागलं. त्यांनी एका ओळीचा खुलासा सांगितला, "नियम रद्द झालेला नाही." लव्हॉनने तो टाइप करून दोनशे बारा ठिकाणी पाठवला.

या वेळी पहिला फोन डॅग्नी टॉलेफसनचा आला. तिचं औषधांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं.

"हार्लन, नियम रद्द झालेला नाही, हे तुझं म्हणणं रद्द झालंय. मग आता नियम रद्दच धरू ना?"

"काही धरू नकोस. मी येतोय."

ते कोट न घालताच निघाले. रस्त्यावर पिवळी पानं इतक्या संथपणे उतरत होती की एक पान खाली पोचेपर्यंत नियम चारदा रद्द होऊन पुन्हा लागू झाला असता. ओडेगार्ड एका पानासाठी थांबले, ते जमिनीवर टेकल्यावर पुढे गेले.

डॅग्नीने फॅक्स काउंटरवर ठेवला. राखाडी 'रद्द'च्या रांगा पानभर तिरप्या उडत गेल्या होत्या. ओडेगार्डांनी एका रांगेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी तिथूनच कचेरीत फोन लावला.

"लव्हॉन, नियम आणि खुलासा कुठल्या कागदावर टाइप केलास?"

"साधा संपला होता. तुझ्या कपाटातला तो निळा घेतला." "तूच म्हणालास, सुरेख दिसतोय."

डॅग्नीने हसू आवरून त्यांना कॉफी दिली. "कागद चोख काम करतो, एवढं तरी कळलं."

ओडेगार्डांनी तिच्याकडून एक साधा पांढरा कागद मागून घेतला, त्यावर सगळा खुलासा स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि तिच्याच फॅक्सवरून सगळीकडे पाठवला. मग स्टुलावर बसून ते कॉफीतली वाफ बघत राहिले.

फोन वाजला. पुन्हा स्कारे.

"टॉलेफसनबाई, तुमच्या दुकानातून एक पत्र आलंय. खाली ओडेगार्डांची सही आहे. मला काही ते खरं वाटत नाही."

डॅग्नीने फोन ओडेगार्डांच्या हातात दिला.

"का वाटत नाही?" त्यांनी विचारलं.

"कचेरीच्या आधीच्या दोन्ही पत्रांवर 'रद्द' होतं, यावर काहीच नाही. वर हाताने लिहिलंय, आणि आलंय औषधांच्या दुकानातून. कागद उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला. बनावट दिसतंय."

चार वर्षं ओडेगार्डच गावोगाव जाऊन या लोकांना सांगत आले होते की कागद उलटा करा, उजेडात धरा, शंका घ्या. लोक त्यांचे डोनट खात आणि मागच्या रांगेत डुलक्या घेत. स्कारे तर घोरत असत.

"स्कारे, मी ओडेगार्डच बोलतोय."

"ते तुम्ही म्हणताय," स्कारे नम्रपणे म्हणाले. "सोमवारी कचेरीत फोन करून खात्री करीन. तोवर निळ्या कागदाशिवाय मी कुणाला एक गोळी द्यायचा नाही. आजूबाजूच्या दुकानदारांनाही तसंच सांगितलंय. काय नेम, कोण कसला कागद घेऊन येईल."

फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" डॅग्नीने विचारलं.

"माझ्यावर विश्वास नाही म्हणाला," ओडेगार्ड म्हणाले, आणि त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल तिच्यासाठी ओढलं. "बस ना जरा. अजून दोनशे दहा जणांचे फोन यायचेत."