एकशे पन्नासची फट

सकाळी अकरा वाजता पडद्यावर दोन कोटी वीस लाख अंश हा आकडा उमटला आणि मोजणीच्या बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

स्टेलरेटरचं, म्हणजे पिळदार चुंबकांच्या त्या कड्याचं, दुखणं जुनं होतं. बाहेरून कितीही उष्णता ओता, आतल्या प्लाझ्मातल्या आयनांचं, म्हणजे तापलेल्या वायूतल्या भारित कणांचं, तापमान दीड कोटीवर अडून बसे. प्लाझ्मातली खळबळ वरची सगळी उष्णता बाहेर वाहून नेई. सात वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी एकदाच दोन कोटी गाठले होते. त्या दिवसाचा त्यांचा हसरा फोटो नियंत्रणकक्षात टांगलेला होता, आणि "तेव्हाची माणसंच वेगळी होती" हे त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ते तापमान पुन्हा का येत नाही, हे शोधायला बाईंना तीन वर्षांसाठी घेतलं होतं. ती मुदत शुक्रवारी संपत होती आणि मुदतवाढीचा कागद प्रमुखांच्या खणात सहीवाचून पडला होता.

"बाई, नोकरी पक्की समजा!" म्हणत प्रमुखांनी तडक संचालकांना फोन लावला. संचालकांनी चार वाजता पाहुणे बोलावले. बाईंनी आईला कळवलं, आणि आईने जिन्यातल्या तिन्ही मजल्यांना.

साडेबाराला बाई नोंदवही भरायला बसल्या. वहीत एक रकाना होता, 'फट'. प्लाझ्माचा प्रकाश एका बारीक फटीतून यंत्रात येतो आणि त्याची रेघ उमटते. आयन जितके गरम, तितकी रेघ रुंद. मात्र फट नेहमी पन्नास मायक्रॉनवर हवी, कारण फटच मोठी असली तर थंडगार आयनांची रेघसुद्धा फुगते. बाईंनी वाकून फटीच्या चकतीवरचा आकडा वाचला.

एकशे पन्नास.

काल संध्याकाळी मिणमिणत्या चाचणीदिव्यावर यंत्र तपासताना जास्त उजेड आत यावा म्हणून त्यांनीच ती उघडली होती. परत पन्नासवर आणायची राहिली.

"काका, आता हो काय करायचं?"

तंत्रज्ञकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "फिरवा मागे. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!"

बुडत्याला काडीचा आधार, म्हणून बाई जुन्या वह्या उपसू लागल्या. असा गाढवपणा आणखी कोणी केला असेल तर निदान सोबत तरी मिळेल. आजवर त्यांनी या वह्यांतले तापमानाचेच आकडे पाहिले होते, फटीचा रकाना कधी वाचला नव्हता. एका वहीत सोबत मिळाली. सात वर्षांपूर्वीची तारीख, दोन कोटी अंश, आणि शेजारच्या रकान्यात प्रमुखांच्या तिरक्या अक्षरात: १५०.

बाईंना रडू आलं. जे तापमान कधी नव्हतंच, ते कुठे गेलं हे त्या तीन वर्षं शोधत होत्या.

साडेतीनला प्रमुख नवा सदरा घालून आले. बाईंनी दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. प्रमुखांनी आधी आजची वाचली.

"अहो, काय केलंत हे! संचालक जिना चढतायत!"

"दुसरीही बघा, सर."

त्यांनी दुसरी वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"हे आणखी कोणी पाहिलंय?"

"मी," काका म्हणाले. "त्याच दिवशी. तुम्हाला सांगायला आलो होतो, पण तुम्ही फोटो काढून घेत होतात."

प्रमुखांनी वही मिटली. मग त्यांनी खुर्ची ओढली, सदऱ्याची घडी सांभाळत तिच्यावर चढले आणि फोटो उतरवला. मागे भिंतीचा पांढरा चौकोन राहिला. त्यांच्या म्हाताऱ्या पाठीकडे पाहून बाईंना स्वतःची नोकरी क्षणभर आठवली नाही.

चार वाजता त्यांनी पाहुण्यांसमोर दोन्ही विक्रम मागे घेतले. "आधी माझा," ते म्हणाले, "वयाचा मान म्हणून." पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते लवकर निघाले.

बाईंनी टेबल आवरायला घेतलं. प्रमुखांचा खण उघडाच होता; न राहवून त्यांनी मुदतवाढीच्या कागदाकडे नजर टाकली. सही झालेली होती. 'मुदतवाढ का द्यावी' या रकान्यात प्रमुखांनी तिरक्या अक्षरात दोनच शब्द लिहिले होते: वही वाचतात.