सखारामतात्यांची जीभ

बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील तमाम हॉटेलवाले, आचारी, लग्नघरचे यजमान आणि घरोघरच्या सुगरणी यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मोटारस्टँडाजवळच्या हॉटेलातला शिरा आज सकाळी सखारामतात्यांनी बुडवून पाहिला, आणि तो नापास झाला.

बुडवून म्हणजे अक्षरशः बुडवून. तात्या धंद्यानं गुळवे. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, ती काहील चुलाणावरून नेमकी कधी उतरवायची हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, ती परातीवर टाकायची. टणक आवाज आला की तात्या ओरडणार, "आलं!" मग गडी धावून काहील उतरवणार. जरा आधी उतरवली तर गूळ चिकट, जरा उशीर झाला तर करपट. कालव्याचं पाणी आल्यापासून मुलूखभर ऊस झाला होता, आणि तात्यांना वडगाव निंबाळकरापासून पार नरसिंहपुरापर्यंत बोलावणी होती.

गुळाची परीक्षा घेणं त्यांचं कामच होतं. पण तात्या ती सगळ्या जगाची घेत.

त्या शिऱ्याच्या वेळी मी शेजारीच बसलो होतो. तात्यांनी शिऱ्याची सुपारीएवढी गोळी वळली, पाण्याच्या पेल्यात सोडली (माझ्या पेल्यात, स्वतःच्या नव्हे) आणि ते तिच्याकडे एकटक पाहत राहिले. गोळी विरली.

"आलं न्हाय," तात्या म्हणाले. "घाईनं उतरवलाय."

"अवं तात्या, त्यो शिरा हाय, गूळ न्हाय!" गल्ल्यावरून मालक ओरडला.

"रवा कच्चा हाय त्यो हायच की. तुपात लोळवला म्हून शिजला व्हय?"

इंदापूरच्या खानावळीत ते भाकरी कानाशी धरून तिला टिचकी मारत. "आतनं ओली हाय. आयका, कशी बोलती." माणसंही या परीक्षेतून सुटत नसत. आमची शाळा तपासायला एक साहेब आले, तेव्हा तात्या वेशीवरून त्यांना नुसते पाहून मला म्हणाले, "मास्तर, तुमचा सायब लवकर उतरवलाय. वरनं चकाकतोय, आत निस्ता चिकाट." पुढं साहेबांसमोर उभं राहून हसू दाबताना माझी जी तारांबळ उडाली, ती माझी मलाच ठाऊक.

आमच्या मंडळींनी तर तात्यांच्या वहाणा वाजल्या की भांड्यांवर झाकणं ठेवायचा नेम धरला होता. एकदा झाकण पडायला उशीर झाला. तात्यांनी पोळीचा तुकडा मोडला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वैनी, पुरण आलंय." मंडळींचा चेहरा खुलला. "पोळी यायचीय अजून." त्यानंतर आठवडाभर माझ्या घरात मला ताटाकडं पाहून बोलायची बंदी होती.

आता यातली गंमत अशी, की तात्या बाहेर कुठंही दोन घासांवर तिसरा घेत नसत. दोन घास खायचे, डोळे मिटून काहीबाही पुटपुटायचं आणि पोटभर जेवायला घरी जायचं. त्यावरून साऱ्या आळीनं ठरवून टाकलं होतं, की तात्यांच्या बायकोच्या, गोदाकाकूंच्या, हाताला काही औरच चव असली पाहिजे. काकूंचं नाव होतंच तसं. त्यांच्या माहेरी, डाळजला, लग्नाची आमटी त्यांच्याशिवाय उकळत नसे.

एका दुपारी गुऱ्हाळावरून येताना तात्यांनी मला वाटेत गाठलं. "चला मास्तर, जेवान कशाला म्हंत्यात ते दावतो."

पाट मांडले, पानं वाढली. मी आमटीचा पहिला भुरका मारला, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. मीठ दोनदा पडलं होतं. कदाचित तीनदा. मी मोठ्या आशेनं तात्यांकडं पाहिलं. आता काय होतं! दोन तालुके ज्यांच्या जिभेला भितात, ते आता काय बोलतात!

तात्यांनी वाटी तोंडाला लावली, तळापर्यंत रिकामी केली आणि मिशा पुसून म्हणाले, "आलं बरं का!"

काकू पळी हातात धरून तशाच उभ्या. "खरंच? मास्तर, तुमी सांगा."

तात्यांचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं. "वा!" मी म्हणालो, आणि दुसरी वाटी घेतली. माझ्या आयुष्यात शौर्य म्हणावं असं कृत्य हे एवढंच.

बाहेर ओट्यावर आल्यावर तात्यांनी माझ्यासाठी पाण्याचा अख्खा तांब्या आणला.

"साल झालं, मास्तर. तापातनं उठली तवापास्नं तिला चव न्हाय का वास न्हाय. हाताच्या मापानं करती. मीठ टाकल्यालं इसरली की आजच्यावाणी व्हतं. कुठं बोलू नगा. सैपाकाबिगर तिला दुसरं काय नाव न्हाय वो."

"आणि तुम्ही गावभर दोन-दोन घास खात फिरता, ते?"

"तिला सांगाया. इचारती ना, शिरा कसा व्हता? गोड व्हता म्हणून भागत न्हाय. आधी काय लागलं, मागनं काय आलं, समदं सांगाया लागतंय. पोटभर खाल्लं की इसरायला व्हतंय."

मी पाणी प्यायलो.

त्याच उन्हाळ्यात डाळजला काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाच्या आमटीत येसर लावतात, म्हणजे बाजरी, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. काकूंच्या माहेरची रीत अशी, की भाचीच्या लग्नाचं येसर आत्यानंच भाजायचं आणि आमटीही तिनंच करायची. काकूंना नाही म्हणायची सोय नव्हती; तसं म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि हो म्हणून आमटी बिघडली, तर साऱ्या वऱ्हाडासमोर.

मीही गेलो होतो. येसर भाजायच्या चुलीपाशी बायकांची ही गर्दी, आणि मधोमध तात्या!

"जळतंय, जळतंय! उतरव!" तात्या ओरडले. काकूंनी कढई उतरवली.

"जावईबापू, ही काय काहील हाय व्हय?" काकूंची चुलती, बयाकाकू, कडाडली. तात्यांनी तिकडं कानच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आमटीला उकळी आल्यावर तर कहर झाला. घडीघडीला पळी बुडव, फुंकर मार, चाख आणि ओरड. "मीठ कमी हाय! किती बारी सांगायचं?" "खोबरं दडलंय, अजून घाल!" बायका आपसांत म्हणत होत्या, काय हा माणूस, चारचौघांत बायकोची अशी शोभा करतो! काकू पदर पुढं ओढून खाली मान घालून बसल्या होत्या. तात्या ओरडल्याशिवाय त्यांचा हात हलत नाही, हे फक्त मला दिसत होतं.

पंगत बसली. व्याह्यांनी तीन वाट्या आमटी ओरपली आणि चौथीला वाढप्याचं धोतर धरलं. काकूंचा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "आक्का, तुज्या हाताला तोड न्हाय." काकू नुसत्या हसल्या.

सगळ्यात शेवटी बायकांची पंगत. मी पाणी वाढत होतो. तेवढ्यात तात्या हातात वाटी घेऊन सरळ आत आले आणि काकूंच्या पानापाशी उकिडवे बसले. बायकांनी पदर सावरले, कुणी फिदीफिदी हसलं. तात्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि हळू आवाजात सांगू लागले, "आधी खोबरं लागतंय, खमंग. मग जरा थांबून तिखट येतंय, घशापाशी. आन् घोट गेल्यावर बाजरी... तुज्या आईच्या आमटीत लागायची तशी."

काकू घास हातात धरून ऐकत होत्या. तात्यांचं सांगून होईपर्यंत त्यांनी तो तोंडात घातला नाही.

समोरच्या रांगेतून बयाकाकूला मात्र आता राहवेना. ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी खेकसली, "अवं जावईबापू, सकाळधरनं चाखताय, उठा की तितनं! तिच्या हातची चव तिला बी जरा कळू द्या!"