देव नसलेलं गाणं

सोयराबाईंना चारशे गाणी तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही चालणार नव्हतं. म्हणून सकाळपासून त्या दुकानात कात्री आपटत होत्या. कानडी मुलखातल्या सरस्वतीपुरमच्या त्या एवढ्याशा शिलाईच्या दुकानात मशीनवर बसलेले त्यांचे यजमान नरहरी प्रत्येक आवाजाला दचकत होते. ते दचकले की शिवण वाकडी जायची, आणि शिवण वाकडी गेली की सोयराबाई आणखी भडकायच्या.

सगळ्याला कारण काउंटरवर चिकटवलेला एक कागद. व्यासराज नावाचा एक दाढीवाला तरुण नाटकाचे कपडे शिवायला टाकून गेला आणि जाताना तो कागद लावून गेला. गल्लीतल्या नळावरून पेटलेल्या भांडणाचं रॉक म्युझिकल बसवत होता तो. गिटार, ड्रम, सगळा दणका. नळावर ठाण मांडून बसणाऱ्या बाईच्या कामासाठी त्याला चाळीस ते साठ वयाची गाणारी बाई हवी होती. नाटकाच्या शेवटी ती बाई तीन मिनिटं एकटी गाते. निवडीला येताना दोन मिनिटांचं गाणं तयार करून यायचं, साथीला कुणी नाही. भाषा कुठलीही चालेल. सिनेमाचं नको, देवाचं नको.

"देवाचं नको म्हणे!" सोयराबाई कडाडल्या. "मग माणसानं म्हणायचं काय? बसचं टाइमटेबल?"

राग येण्यासारखंच होतं. त्यांना हे काम हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या भजनी मंडळात टाळ घेऊन मागच्या रांगेत बसत होत्या. पहिली ओळ म्हणायची ती थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे सरस्वतीबाई अक्कांनी. सोयराबाईंनी ती मागून धरायची. अठ्ठावीस वर्षांत गाण्याचा पहिला शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. एक गाणं, फक्त एक, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत एकटीनं म्हणायचं, एवढं एकच मागणं होतं बाईचं.

"पाळणा म्हण," नरहरी भीतभीत म्हणाले.

"पाळण्यात झोपलंय कोण? कृष्णच ना?"

"मग दळणाचं?"

"तिथंही तिसऱ्या ओळीला विठोबा येतो हात लावायला!"

"असं कर, विठोबाचं नाव काढ आणि दुसरं कुणाचं तरी घाल."

"कुणाचं घालू? तुमचं? तुमचं नावसुद्धा देवाचंच ठेवून बसलेत तुमचे आई-वडील!"

नरहरींनी मान खाली घातली आणि बॉबिन भरायला घेतली. नावाचा दोष त्यांचा नव्हता, पण राग काढायला माणूस तर हवं ना समोर.

दुपारी घरी जेवायला बसल्यावर अक्कांना सगळं कळलं. अक्कांचा आवाज एकसष्टाव्या वर्षीही असा की त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारी उठून उभे राहायचे.

"देव चालत नाही तिथं जायचंच कशाला? बेडा, काही नको. सुम्ने, गपगुमान घरी बस."

"मी जाणार आहे, अक्का."

"मग मी येते. तू म्हण, मी मागून धरते."

"कुणी धरायचं नाही! एकटीनं म्हणायचंय!"

"एकटीनं?" अक्कांना खरोखरच काळजी वाटली. "अय्यो, मग श्वास कधी घेणार तू?"

सोयराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच वेळी अक्कांनी त्यांच्या पोळीवर तूप वाढलं. वाढलं म्हणजे चमचा पोळीवरून नुसता फिरवून नेला. आणि ते बघताना सोयराबाईंना झटकन गाणं आठवलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं, आईनं विहिणीच्या पंगतीत म्हटलेलं. सिनेमाचं नाही, आणि देव तर त्यात औषधालाही नव्हता.

त्यांच्यात रीतच होती तशी. वरपक्षाच्या घरी विहिणी पंगतीला बसल्या की मुलीकडच्या बायकांनी वरपक्षाची गाण्यातून उणीदुणी काढायची आणि वरपक्षानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. बोलून दिलेलं उत्तर धरत नाहीत. उत्तर आलं नाही तर ते घर हरलं. सोयराबाईंच्या लग्नात वरपक्षाकडून उत्तर द्यायला अक्का उभ्या राहिल्याही होत्या, पण सासऱ्यांनी डोळे वटारले आणि "सुम्नीरू!" म्हणून त्यांना गप्प बसवलं. घर हरलं. त्यानंतर त्या विषयावर या घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"अगं, त्यात वहिनीचं नाव आहे," संध्याकाळी गाणं कुठलं ते कळताच नरहरी कुजबुजले.

"नाव कुठाय? थोरली सून एवढंच आहे."

"आणि आपल्या घरात थोरल्या सुना आहेत किती?"

"अक्का बाहेर बसतील. मी आत म्हणणार. त्यांना काय ऐकू येतंय?"

चार दिवस सोयराबाईंनी मोरीत नळ सोडून, त्या आवाजाच्या आड गाणं घोटलं. रविवारी तिघं बसनं हिनकलला गेली. हुणसूर रस्त्याला एका जुन्या गोदामात निवड होती. बाहेर पत्र्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. अक्का पदर खोचून पहिल्या खुर्चीवर बसल्या, नरहरी शेजारी बसले. सोयराबाई आत गेल्या, दार लागलं.

आता या व्यासराजाला नको तिथं चांगुलपणा सुचला होता. बाहेर ताटकळणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यानं आतल्या माइकचा एक भोंगा बाहेर, बरोब्बर पहिल्या खुर्चीच्या डोक्यावर टांगला होता. सोयराबाईंनी आत डोळे मिटले आणि आयुष्यातला पहिला शब्द सोडला.

"विहीणबाईंच्या दारी आलो, काय थाट वर्णू गं,
पोळीवरलं तूप शोधाया कंदील कोठून आणू गं!"

बाहेर नरहरींनी देवाचं नाव घेतलं. अक्कांनी आधी नुसती मान वर केली.

"एक जिलबी चौघींत दिली, तिलाही नव्हता पाक गं,
थोरल्या सुनेनं वाढता वाढता मुरडलं आपलं नाक गं!"

"वहिनी, बसा. ते नाटकाचं आहे," नरहरी म्हणाले.

"भावजी," अक्का शांतपणे म्हणाल्या, "मामंजी आता नाहीत ना?"

"नाहीत. वारून अकरा वर्षं झाली."

"मग मला गप्प बसवणारं कोण आहे?"

धाडकन दार उघडलं. सोयराबाईंची अजून दोन कडवी बाकी होती. त्यांनी डोळे उघडले तर समोर अक्का, कमरेवर हात, नाकपुड्या फुललेल्या. माइक त्यांना लागणार नव्हताच.

"तूप नव्हतं तर भांडी आमची कुणी रिकामी केली गं,
पोळी खाल्ली, पान चाटलं, जाता वाटी नेली गं!"

सोयराबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एक म्हणजे गाणं मोडलं. अठ्ठावीस वर्षांनी मिळालेली दोन मिनिटं, तीही या बाईनं खाल्ली! आणि वर आईवर चोरीचा आळ!

"अक्का, बाहेर जा! माझं गाणं आहे हे!"

"बोलून उत्तर धरत नाहीत!" अक्का गरजल्या. "गाऊन दे!"

व्यासराज टेबलामागून उठून कानडीत काहीतरी सांगायला गेला. दोघींनी एकदमच त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला. आईच्या गाण्यात वाटीचं उत्तर नव्हतं, कारण वाटीचा विषयच तेव्हा निघाला नव्हता. पण राग एकदा डोक्यात गेला की शब्दांची काय वाण? जागच्या जागी जुळले.

"वाटी कसली, चेपलेली ती, बुडाला होतं भोक गं,
त्यातून गळला मान तुमचा, बघत राहिले लोक गं!"

कोपऱ्यातल्या ड्रमवाल्यानं एक काठी उचलली होती, ती तशीच हातात राहिली. अक्का सावकाश नरहरींकडे वळल्या. ते बिचारे दाराच्या चौकटीत उभे होते.

"ऐकलंत, भावजी? बुडाला भोक होतं म्हणते. हिला कसं ठाऊक? वाटी गेली ती लग्नाच्या रात्रीच. म्हणजे नेलीच होती हिच्या आईनं!"

खरं सांगायचं तर त्या वाटीत सोयराबाईंच्या माहेरी तुळशीला पाणी घालायचे. भोक असल्यानं ते बरं पडायचं. पण हे काय गोदामात सांगायचं?

"संपलं," त्या पुटपुटल्या. पिशवी उचलली. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. "चला हो. झाली माझी निवड."

"अम्मा, थांबा!" व्यासराज टेबलावरून उडी मारूनच आला. "नळावरची बाई तुम्ही. ठरलं. आणि या अम्मा..." त्यानं जरा लांबूनच अक्कांकडे बोट केलं, "तुमच्याशी भांडणारी शेजारीण. मला हेच भांडण पाहिजे, असंच, रोज."

"आणि शेवटची तीन मिनिटं?" सोयराबाईंनी आधी तेच विचारलं.

"तुमची एकटीची. शेजारीण हरते. गप्प बसून ऐकते."

"मी? गप्प?" अक्का उसळल्या. "पुन्हा? बेडा! एकदा बसले ते पुष्कळ झालं!" त्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. "किती वेळा करायचं म्हणालास हे?"

"तालमी धरून साठ वेळा तरी होईल, अम्मा."

"म्हणजे हिच्या आईची वाटी मी साठ वेळा काढायची? माइकवर?"

"हौदु, हो अम्मा."

"आणि गप्प बसायचं फक्त तीन मिनिटं?"

"तीनच."

अक्कांनी पदर नीट केला. "येते मी."

सगळ्यांनी सोयराबाईंकडे पाहिलं. एकटीच्या तीन मिनिटांसाठी साठ वेळा आईला चोर म्हणवून घ्यायचं! अंगाची नुसती लाही लाही होत होती. त्यांनी एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा त्या मोकळ्या माइककडे.

"तालीम कधीपासून?" त्यांनी दात ओठ खात विचारलं.

परतीच्या बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती. एकीचं तोंड खिडकीकडे, दुसरीचं कंडक्टरकडे. बोलणं बंद. पण दोघींचे ओठ मात्र सारखे हलत होते, आणि मधूनच एकीची मान ठेक्यात डोलत होती. मागच्या बाकावरून नरहरींनी ते पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं. काही झालं तरी बायका घरच्या वळणाच्या; बसल्या बसल्या नामस्मरण करताहेत.